गल्लीचा खोकला

लांबच्या फेरीवरून येताना ट्रक ड्रायव्हरने बायकोसाठी दोन गोष्टी आणल्या. एक निळ्या फुलांची चादर आणि एक संसर्ग. चादरीबद्दल त्याने दारातच सांगितलं. संसर्गाबद्दल सांगायचं काम त्याने डॉक्टरीणबाईंवर सोपवलं, आणि तेही आपण होऊन नव्हे. लघवीला गेल्यावर भिंतीला धरून डोळे मिटून उभं राहायची वेळ आली, तेव्हा.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता. त्यांनी नवराबायकोला शेजारी शेजारी बसवलं आणि गळका नळ कसा दुरुस्त करायचा हे सांगावं, अशा आवाजात सगळं सांगितलं.

"हा आजार संबंधातून लागतो. औषधाने पूर्ण बरा होतो. पण औषध दोघांनी घ्यायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. ते संपून मी सांगेपर्यंत लांब राहायचं. नंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर कंडोमशिवाय काही नाही."

"दोघांनी?" ड्रायव्हरने विचारलं. "हिला तर काहीच त्रास नाही."

"त्रास नाही म्हणजे आजार नाही, असं कोणी सांगितलं? बायकांना पुष्कळदा कळतच नाही. कळतं तेव्हा आतून बरंच बिघडलेलं असतं."

बायको शिवणकाम करायची. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. कापड कुठे विरलंय ते बघावं, तसं तिने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचं कामच आहे म्हणा," ती म्हणाली. "तिकडचा माल इकडे आणून पोचवायचा. पोचवलात. कुठे फुटतूट नाही, काही नाही."

ड्रायव्हरने आजवर दरडी कोसळताना गाडी मागे घेतली होती, ब्रेक निकामी झालेला ट्रक उतारावर आवरला होता. पण त्या दोन खुर्च्यांमधलं वीतभर अंतर काही त्याला कापता आलं नाही.

औषधं संपली. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. ड्रायव्हर शीळ घालत घरी आला, तर निळ्या फुलांची चादर लांब राहायचं म्हणून मागच्या गॅलरीत टाकलेल्या त्याच्या घडीच्या खाटेवर अजून तशीच अंथरलेली. उशीही तिथेच.

"अगं, आता चालेल म्हणाल्या बाई."

"कशासकट चालेल म्हणाल्या?"

"ते आणतो की. परवा निघालो की वाटेत कुठेही..."

"वाटेत नाही. ह्याच गल्लीतल्या दुकानातून आणायचं. दिवसाढवळ्या, चालत जाऊन."

"अगं, सगळे बघतील."

"आजार चोरून आणलात, अहो," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "उपाय तरी उघड आणा."

एवढं बोलून तिने मशीनवर पाय ठेवला. तिला एक खोड होती. राग आला की ती भांडत नसे. मशीनच्या तालावर काहीतरी जुळवून गुणगुणत असे, आणि ते भांडणापेक्षा लांबवर ऐकू जाई.

घाटामागून घाट बाई, चढला झोकात,
दुकानाच्या पायरीपाशी चाक रुतलं चिखलात.

आता त्या दुकानाबद्दल सांगायला हवं, म्हणजे ड्रायव्हरचं चाक का रुतलं ते कळेल. दुकान औषधाचं. मालकाला सगळे काका म्हणत. काका इतके सभ्य होते की त्यांच्या सभ्यतेने गल्लीचं कधीच न भरून येणारं नुकसान केलं होतं, आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

कोणी तापाचं औषध मागितलं, काका पांढऱ्या पारदर्शक पिशवीत घालून देत. मलम मागा, डोळ्यांचे थेंब मागा, जुलाबाचं मागा, पांढरी पिशवी. पण कोणी खाली मान घालून 'ते' मागितलं, की काका आधी गल्ली दोन्ही बाजूंना न्याहाळून घेत. मग पंख्याकडे बघत आत जात. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळत. त्यावर खाकी कागद. त्यावर दोरा, आडवा आणि उभा, वर गाठीवर गाठ. आणि हे सगळं एका काळ्याकुट्ट पिशवीत. कोणाला काही कळू नये म्हणून.

गल्लीत काळी पिशवी दुसऱ्या कशासाठीही वापरत नसत. त्यामुळे ती बाहेर पडली, की आत काय आहे हे शेंबड्या पोरालाही कळे. दुकानासमोरच्या गॅलरीत आत्या बसलेल्या असत. त्या नक्की कोणाच्या आत्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण पिशवी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत त्यांची बातमी तिथे पोचून पाय पसरून बसलेली असे.

परिणाम व्हायचा तोच झाला. काकांकडून 'ते' कोणी घेईनासं झालं. काकांनी याचा अर्थ असा लावला, की आपली गल्ली फार चारित्र्यवान आहे. डॉक्टरीणबाईंच्या बाकावर एकेक जण काय काय लपवत, खाजवत, कण्हत येऊन बसतो, ते त्यांच्या दुकानातून दिसत नसे.

गल्लीला दोष होता तो एकच. घसा नाजूक. खोकल्याच्या गोळ्या काकांकडे इतक्या खपत, की कंपनीने खूश होऊन त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे मास्तर, स्वतः आठवड्यातून दोनदा गोळ्या नेत आणि काउंटरला टेकून कारण समजावून देत.

"धूळ, काका. हवेतली धूळ. शिवाय नव्या पिढीला श्वास घ्यायचं वळणच नाही."

एकदा काकांनी डॉक्टरीणबाईंकडे काळजी बोलून दाखवली. बाई म्हणाल्या, "मी रोज बघते. तुमच्या गल्लीचे घसे ठणठणीत आहेत. बिघाड जरा खाली आहे." काकांनी पोटाच्या औषधांचा साठा वाढवला.

तर या दुकानात ड्रायव्हर पहिल्यांदा गेला, तेव्हा काउंटरपाशी मास्तर होते. काकांनी विचारलं, "बोला, काय देऊ?" आणि ड्रायव्हरच्या तोंडून आपोआप निघालं, "खोकल्याच्या गोळ्या."

"बघा, यालाही धूळच," मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदा दुकानात कोणी नव्हतं, पण वर आत्या होत्या. त्याने थर्मामीटर घेतला. तिसऱ्यांदा आत्या आत गेलेल्या बघून तो जवळजवळ धावतच शिरला, तर काकांच्या बायकोने विचारलं, "काय हवंय, भाऊ?" तिने भाऊ म्हटल्यावर विषयच संपला. तो पायाला बांधायची पट्टी घेऊन घरी आला.

बायकोने तिन्ही वस्तू मशीनवर ओळीने मांडल्या.

"गोळ्या, थर्मामीटर, पट्टी. आता मी काय करू यांचं? तुम्ही ताप मोजत बसा, मी पाय बांधून घेते. संसार चांगला होईल आपला."

"अगं, काकांची बायको होती."

"मग? तिला काय वाटलं असतं? तिच्या दुकानात आहे म्हणजे तिला ठाऊक असेल की, ते कोणी टोपी म्हणून घालत नाही."

आणि मशीन सुरू झालं.

गोळी आणली घशासाठी, पट्टी आणली पायाला,
आणायचं ते सोडून सारं आलं माझ्या घराला.

त्या रात्री गॅलरीत पडल्या पडल्या ड्रायव्हरला एक गोष्ट उमगली. बायको खोलीचं दार लावून घेत नव्हती. दार सताड उघडं होतं. आत जायला कोणीच अडवत नव्हतं, आणि म्हणूनच आत जाता येत नव्हतं. खाट बोचली नसती तरी ते बोचलं असतं.

मग तो दिवस उजाडला. काय झालं, पिशव्यांवाला आलाच नाही, आणि काकांच्या पांढऱ्या पिशव्या सकाळीच संपल्या. उरल्या काळ्या, त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, कारण खप नव्हता. काकांनी फार विचार केला नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्यांनी दिसेल त्याला काळी पिशवी द्यायला सुरुवात केली.

पहिली पिशवी मास्तरांच्या हाती गेली. मास्तर रोजच्यासारखे हात मागे बांधून निघाले आणि पिशवी त्यांच्या पाठीमागे झेंड्यासारखी हलत राहिली. आत्यांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"या वयात," त्या कठड्याला म्हणाल्या. दुसरं कोणी जवळ नव्हतं.

दुसरी पिशवी गाणं शिकवणाऱ्या बाईंची. त्या अविवाहित. तिसरी बँकेतल्या रोखपालाची, ज्याची बायको महिनाभर माहेरी होती. आत्यांना धाप लागली. एकेका पिशवीला न्याय द्यायचा, तिचा मागचा पुढचा संबंध जुळवायचा, खाली उभं राहून ऐकणाऱ्यांना समजेल असं सांगायचं. एकटी बाई किती पुरी पडणार. दुपारपर्यंत गाण्याच्या बाई आणि रोखपाल यांचं जुळवून झालं होतं. मास्तरांसाठी मात्र त्यांना कोणी सापडेना, आणि ते त्यांना फारच लागलं.

एवढ्या दगदगीने त्यांचं पोट बिघडलं. त्यांनी नेहमीप्रमाणे दोरीला बांधलेली टोपली गॅलरीतून खाली सोडली आणि काकांना हाक मारली. काकांनी पोट साफ व्हायचं औषध टोपलीत ठेवलं. काळ्या पिशवीत. आत्या दोरी ओढू लागल्या, आणि ती पिशवी भर दुपारी साऱ्या गल्लीच्या डोळ्यांसमोर झोके घेत, भिंतीला आपटत, पहिला मजला ओलांडून दुसऱ्या मजल्याकडे निघाली.

खाली रोखपाल उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, तुम्ही पण?"

इकडे ड्रायव्हर दारातून हे सगळं बघत होता. त्याच्या लक्षात आलं, की आज गल्लीत ज्याच्या त्याच्या हातात काळी पिशवी आहे. आज आपल्या हातात असली तर कोणाला काय कळणार? असा दिवस पुन्हा येणार नाही. तो ताठ मानेने दुकानात शिरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "कंडोम द्या."

काकांचे डोळे पाणावले. सकाळपासून नुसती पावडर आणि मलमं त्या पिशव्यांत भरून त्यांना काहीतरी भ्रष्टाचार केल्यासारखं वाटत होतं. अखेर पिशवीच्या लायकीचं गिऱ्हाईक आलं. त्यांनी मन लावून वर्तमानपत्र गुंडाळलं, खाकी कागद लावला, दोरा बांधला आणि दोन गाठी जास्तीच्या मारल्या.

ड्रायव्हर पिशवी घेऊन पायरी उतरला, तर पायरीखाली गल्ली गोळा झालेली. मध्ये मास्तर. बातमी त्यांच्या बायकोपर्यंत पोचली होती आणि तिने त्यांना जेवायला वाढलं नव्हतं.

"माझ्या चारित्र्याचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. "ही माझी पिशवी. बघा सगळ्यांनी." त्यांनी ती उलटी केली. कवळी धुवायच्या पावडरचा डबा बाहेर पडला.

"म्हणजे कवळी आहे होय तुम्हाला?" वरून आत्या म्हणाल्या. मास्तरांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं लपवली होती. पण आता उपाय नव्हता.

"मी दाखवली. आता प्रत्येकाने दाखवायची."

गाण्याच्या बाईंनी कानात घालायचं औषध काढलं. रोखपालाने कोंड्याचा शाम्पू काढला. आत्यांनी वरूनच बाटली हलवून दाखवली, आणि औषध कशाचं ते न विचारताही सांगितलं. एकेकाची अब्रू परत मिळत होती आणि एकेकाचं दुखणं गल्लीला कळत होतं. शेवटी सगळ्यांची नजर ड्रायव्हरवर आली.

त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं. पळता आलं असतं. मग त्याने आपल्या दाराकडे पाहिलं. मशीनचा आवाज थांबला होता आणि बायको दारात उभी होती.

त्याने पिशवीतून पुडकं काढलं. दोरा सुटेना. त्याने नखाने ओढलं, दाताने ओढलं. माणसं थांबली. लाज वाटायची तेवढी वाटून झाली, मग नुसताच घाम आला. अशा वेळी जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात. जमीनही उभी राहून गंमत बघत होती.

बायको गर्दीतून वाट काढत आली. तिने हातातली कात्री पुढे केली.

"घ्या. काकांची शिलाई पक्की असते."

त्याने दोरा कापला. खाकी कागद उलगडला, वर्तमानपत्र उलगडलं. पाकीट हातात आलं. दूर कुठेतरी कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

'मित्रासाठी' हा शब्द ड्रायव्हरच्या जिभेवर येऊन बसला होता. तो त्याने गिळला.

"माझंच आहे," तो म्हणाला.

"तुला कशाला रे?" आत्यांनी विचारलं. "तुझं तर लग्न झालंय."

"लग्न झालंय म्हणूनच, आत्या. मला बाहेरून आजार लागला होता. चूक माझी. माझ्यापायी हिला पुन्हा काही होऊ नये."

हे तो गल्लीला सांगत होता. पण बघत होता कात्रीकडे, आणि कात्री धरलेल्या हाताकडे.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दवाखान्याला कुलूप लावून घराकडे निघाल्या. एवढी माणसं आणि मध्ये ते पाकीट बघून त्या थबकल्या.

"अरे वा. सभा आणि तीही कामाच्या विषयावर? बघू." त्यांनी पाकीट घेतलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं. "काका, याची मुदत कधीच संपली. हे रबर फाटेल. याचा काही उपयोग नाही."

काका काउंटरमागून म्हणाले, "कोणी नेतच नाही, बाई. माल पडून राहतो. मी काय करू?"

"बांधणं बंद करा. काउंटरवर ठेवा, हाताला येईल असं. गोळ्या ठेवता ना, तसं."

"लोक बघतील."

"बघितलं की आज. सगळी गल्ली जिवंत आहे."

ड्रायव्हर रिकाम्या हातांनी उभा होता. इतकं सगळं झालं, आणि हाती आलं काय, तर मुदत संपलेलं पाकीट. नवा माल यायला काही दिवस लागणार होते. तो मान खाली घालून घरी आला, मागच्या गॅलरीतल्या खाटेवर बसला आणि बूट काढू लागला.

बायको दारात येऊन टेकली.

"अहो."

"हं."

"ती चादर आत आणा. इथे उन्हाने फुलं उडायला लागलीत तिची."

"पण ते आणलं ते तर..."

"त्याचं ते आल्यावर बघू. आज नुसतं झोपायचंय." मग जरा थांबून, "आणि थर्मामीटर बाजूला ठेवा. उशाखाली फुटला तर टोचेल."

त्या संध्याकाळी मशीनवर तिने काहीतरी गुणगुणलं. शब्द ऐकू आले नाहीत. आत्यांनी कान देऊन पाहिलं, पण ज्यांच्यासाठी होते त्यांनाच ते पोचले असावेत.

नवा माल आला. काकांनी तो, छातीत धडधडत का होईना, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी मांडला. पांढऱ्या पिशव्याही आल्या. ड्रायव्हर दिवसाढवळ्या गेला आणि पाकीट हातात धरून परत आला. वरून आत्या म्हणाल्या, "तारीख बघितलीस का?" त्याने बघितली होती. तीन महिन्यांनी दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. दोघांच्याही तपासण्या स्वच्छ निघाल्या. येताना दोघांच्या मध्ये वीतभरही अंतर नव्हतं, असं आत्यांचं म्हणणं.

मात्र काकांवर वेगळंच संकट कोसळलं. खोकल्याच्या गोळ्यांचा खप एकाएकी बसला. बरणी आठवडेच्या आठवडे भरलेलीच. गोळ्यांच्या कंपनीचा माणूस चौकशीला आला, घड्याळाकडे सूचकपणे बघत राहिला.

"झालं काय इथे? पुष्कळ खोकायचे ना लोक?"

"खोकायचे," काका म्हणाले. "बरे झाले."

"सगळेच?"

काकांनी बरणीकडे पाहिलं. शेजारच्या पाकिटांकडे पाहिलं, जी आता दर आठवड्याला मागवावी लागत होती. आणि आयुष्यभर गोळ्या विकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू, पहिल्यांदाच, उजेड पडू लागला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मास्तर आले. इकडे तिकडे बघितलं. दोनदा खोकले.

"धूळ फार झाली, काका. खोकल्याच्या गोळ्या द्या."

काकांनी पांढरी पारदर्शक पिशवी घेतली, त्यात एक पाकीट टाकलं आणि काउंटरवरून पुढे सरकवलं. मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं. मग समोरच्या गॅलरीकडे. मग घड्याळाकडे.

"मी गोळ्या मागितल्या होत्या."

"हो, मास्तर," काका म्हणाले. "इतकी वर्षं मागताय."

मास्तरांनी पिशवी उचलली, खिशात घातली आणि हात मागे न बांधता निघाले. घरापर्यंतच्या वाटेत ते एकदाही खोकले नाहीत.